फोर्ट्रान कम्पायलर बदलला आणि प्रोग्रॅम बिघडला: दोष कोडचा की कम्पायलरचा?

नवा फोर्ट्रान कम्पायलर बसवला तरी जुना काढून टाकू नका. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक युक्ती दोन्ही कम्पायलर शेजारी-शेजारी असण्यावर उभी आहे. डेबियन किंवा उबुंटूवर आवृत्तीचा आकडा नावात असलेली जीफोर्ट्रानची (जीसीसी या मुक्त कम्पायलर-संचातल्या फोर्ट्रान कम्पायलरची) पॅकेजेस एकाच वेळी नांदतात. क्लस्टरवर मॉड्यूल लोड करून आवृत्ती निवडता येते. पुण्यात आयआयटीएम किंवा सीडॅकमध्ये हवामानाची मॉडेल्स चालवणाऱ्यांना ही सोय रोजच्या वापरातली आहे. ज्यांचा कोड एकाच डेस्कटॉपवर वर्षानुवर्षे चालत आला आहे, त्यांचा मात्र इथेच घात होतो: सिस्टिम अपग्रेड झाली, जुना कम्पायलर गेला आणि तुलनेला काहीच उरले नाही.

फ्लॅगची (कम्पायलरला द्यायच्या पर्यायांची) आणि फाइलींची नावे खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

अपग्रेडच्या आधी

जुन्या कम्पायलरने शेवटचा एक बिल्ड करा आणि त्याचा संपूर्ण लॉग ठेवा, म्हणजे प्रत्येक फाइल नेमक्या कोणत्या फ्लॅगने कम्पाइल झाली ते त्यात दिसायला हवे. मग संदर्भासाठी एक रन घ्या. त्यात शेवटचे उत्तर तेवढे साठवू नका. पहिल्या स्टेपनंतरची, दहाव्या स्टेपनंतरची आणि शंभराव्या स्टेपनंतरची मुख्य ॲरेंची बेरीज, किमान आणि कमाल किंमत लिहून ठेवा. डबल प्रिसिजन संख्या ईएस२४.१६ या फॉरमॅटने छापा. त्यात १७ सार्थ अंक येतात आणि तेवढ्यांतच ६४ बिटांची संख्या नेमकी ओळखता येते. सहा अंक छापून केलेल्या तुलनेचा काही उपयोग नाही.

नवा बिल्ड स्वतंत्र फोल्डरमध्ये करा. 'मेक क्लीन'वर भिस्त ठेवू नका, कारण बऱ्याच मेकफाइली .ओ (कम्पाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली) पुसतात आणि .मॉड (मॉड्यूलमधल्या व्याख्यांच्या फाइली) तशाच सोडतात. जीसीसी ८ ते १४ या आवृत्त्यांच्या .मॉड फाइलींचा फॉरमॅट एकच आहे. त्यामुळे ९ने तयार केलेली शिळी .मॉड फाइल १३ तक्रार न करता वाचतो, आणि तुमचा नवा कोड जुन्या व्याख्येवर कम्पाइल होतो. जीसीसी १५ने हा फॉरमॅट बदलला, पण तोही जुन्या फाइली वाचू शकतो. उलट दिशेने, म्हणजे १५ची फाइल १४ला दिली, तर ती दुसऱ्या आवृत्तीच्या जीएनयू फोर्ट्रानने तयार केल्याचा स्पष्ट एरर येतो. तो एरर मिळाला तर नशीब समजा. गुपचूप वाचली गेलेली फाइल जास्त त्रास देते.

नेटसीडीएफ, एचडीएफ५ (डेटा फाइलींच्या लायब्ररी) आणि एमपीआय (अनेक प्रोसेसना आपसांत संदेश पाठवू देणारी लायब्ररी) यांचे फोर्ट्रान भाग त्याच नव्या कम्पायलरने पुन्हा बांधा. बिल्ड झाल्यावर एक्झिक्युटेबलवर 'एलडीडी' चालवून रनटाइम लायब्ररी कोणती जोडली आहे ते बघा. लिबजीफोर्ट्रानचा .एसओ.३ हा जीसीसी ६पर्यंतचा, .४ हा फक्त ७चा आणि .५ हा ८पासून पुढचा. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन आकडे दिसले तर बाकीचा तपास थांबवा, आधी तेवढे दुरुस्त करा. जीसीसी ८मध्ये ॲरेच्या डिस्क्रिप्टरची अंतर्गत रचना बदलली, आणि कॅरेक्टर आर्ग्युमेंटबरोबर छुपेपणाने जाणारी लांबी ३२ बिटांच्या पूर्णांकाऐवजी ६४ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांची झाली. अशी सरमिसळ लिंक होते, चालूही लागते, आणि भलत्याच जागी कोसळते.

कम्पाइलच होत नाही

हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण चूक समोर दिसते.

२०२०मध्ये आलेल्या जीसीसी १०ने सर्वांत जास्त कोड अडवला. एकाच फाइलमध्ये, इंटरफेस नसलेले एकच सबरुटीन एका ठिकाणी रिअल ॲरे देऊन आणि दुसऱ्या ठिकाणी इंटिजर देऊन बोलावले, तर तोवर फार तर वॉर्निंग यायचे. १०पासून 'टाइप मिसमॅच' किंवा 'रँक मिसमॅच' असा एरर येतो. एमपीआयएफ.एच इन्क्लूड करून लिहिलेला जवळपास प्रत्येक जुना कोड यात सापडतो, कारण एमपीआय-सेंडला कधी रिअल बफर जातो, कधी इंटिजर.

तात्पुरता उपाय -एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच हा फ्लॅग. त्याने एररचे पुन्हा वॉर्निंग होते. बरेच जण त्याऐवजी -एसटीडी=लेगसी लावून मोकळे होतात. तसे करू नका. त्या एका फ्लॅगने ही तपासणी तर सैल होतेच, शिवाय जुन्या, काढून टाकलेल्या सोयींबद्दलची वॉर्निंगही गप्प होतात, आणि पुढच्या तपासात तुम्हाला नेमकी तीच हवी असतात. फ्लॅग लावायचाच तर फक्त एमपीआय कॉल असलेल्या फाइलींना लावा आणि बाकी ठिकाणचे एरर एकेक करून वाचा. खरोखर स्केलरच्या जागी ॲरे गेला आहे, रिअल४च्या जागी रिअल८ गेला आहे, अशा चुका त्यात निघतात. कायमचा उपाय म्हणजे 'यूज एमपीआय' किंवा त्याहून चांगले 'यूज एमपीआय_एफ०८'. एमपीआय ४.१ने एमपीआयएफ.एचला कालबाह्य ठरवलेच आहे, तेव्हा हे काम पुढे ढकलून वाचणार नाही.

त्याच आवृत्तीत बीओझेड (बायनरी, ऑक्टल, हेक्साडेसिमल रूपात लिहिलेल्या) स्थिरांकांचे नियमही कडक झाले. झेड'एफएफ' सरळ व्हेरिएबलला देण्याऐवजी इंट(झेड'एफएफ') असे लिहा. -एफअलाउ-इनव्हॅलिड-बीओझेड हा फ्लॅग आहे, पण एवढ्या छोट्या दुरुस्तीसाठी तो बाळगण्यात अर्थ नाही.

फोर्ट्रान प्रकल्पांत सी भाषेच्या चार-दोन फाइली असतातच, त्याही तपासा. जीसीसी १०पासून सीमध्ये -एफनो-कॉमन हे डिफॉल्ट झाल्याने लिंक करताना 'मल्टिपल डेफिनिशन' येते. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लिहा आणि व्याख्या एकाच .सी फाइलमध्ये ठेवा. जीसीसी १४पासून घोषणा न करता फंक्शन बोलावणे हा सीमध्ये एरर झाला. याचा एक आडवळणी परिणाम होतो: जुन्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टमधल्या छोट्या चाचण्या याच कारणाने नापास होतात आणि स्क्रिप्ट मुकाट्याने 'ही सोय या यंत्रावर नाही' असे ठरवून पुढे जाते. बिल्ड पार पडतो, पण भलत्याच पर्यायांनी. म्हणून दोन्ही बिल्डच्या कॉन्फिग.लॉग फाइलींचा 'डिफ' घेऊन बघा.

'इंटर्नल कम्पायलर एरर' आला तर प्रश्नच मिटला: तो कम्पायलरचाच बग. तुमचा कोड कितीही चुकीचा असला तरी कम्पायलरने नीट एरर द्यायला हवा होता. एक अपवाद लक्षात ठेवा. 'किल्ड' आणि एफ९५१ अशी नावे असलेला संदेश आला, तर बहुधा मेमरी संपून ऑपरेटिंग सिस्टिमने कम्पायलरला मारलेले असते. 'मेक -जे'चा आकडा कमी करून पुन्हा चालवा.

कम्पाइल होते, पण कोसळते

'जुन्या कम्पायलरने चालत होते' हा कोड बरोबर असल्याचा पुरावा होत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल, तर आधी कोडचीच झडती घ्या.

नव्या कम्पायलरने हे फ्लॅग लावून पूर्ण बिल्ड करा: -ओ० -जी -एफचेक=ऑल -एफबॅकट्रेस -वॉल -डब्ल्यूएक्स्ट्रा -एफइनिट-रिअल=एसनॅन -एफइनिट-इंटिजर=-९९९९९९ -एफएफपीई-ट्रॅप=इनव्हॅलिड,झीरो,ओव्हरफ्लो. किंमत न देता वापरलेले रिअल व्हेरिएबल यामुळे पहिल्याच गणिताला प्रोग्रॅम पाडते आणि ओळीचा क्रमांक देते. मात्र -एफइनिटचे फ्लॅग ॲलोकेटेबल ॲरे आणि पॉइंटर यांना हात लावत नाहीत. तिथे व्हॅलग्रिंड हे मेमरीच्या चुका पकडणारे साधनच लागते. ते प्रोग्रॅम कित्येक पटींनी हळू करते, म्हणून ग्रिड लहान करा आणि दोनच स्टेप चालवा. -एफचेक=ऑलमध्येही एक भगदाड आहे: डमी ॲरे (*) असा जाहीर केला असेल तर वरची मर्यादा कम्पायलरला ठाऊकच नसते, तो तपासणार कशी? त्यासाठी -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड लावून वेगळा बिल्ड करा.

जुन्या कोडमध्ये काही ठराविक चुका पुन्हा पुन्हा सापडतात. त्या शोधायला वॉर्निंग पुरत नाहीत, डोळ्यांनी वाचावेच लागते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे इफ (प्रेझेंट(एक्स) .अँड. एक्स > ०). फोर्ट्रानमध्ये .अँड.ची डावी बाजू खोटी निघाली तर उजवी बाजू बघणार नाही, अशी कोणतीही हमी नाही. सीची सवय असलेले हमखास इथे फसतात. एक आवृत्ती डावीकडून तपासते, दुसरी दोन्ही बाजू एकदम काढते, आणि न दिलेल्या आर्ग्युमेंटचा पत्ता वाचून प्रोग्रॅम पडतो. एकात एक दोन इफ लिहा. आय > ० .अँड. ए(आय) असे लिहिले असेल तिथेही हाच उपाय.

दुसरी चूक 'सेव्ह' न लिहिता लोकल व्हेरिएबलची किंमत पुढच्या कॉलपर्यंत टिकेल असे मानणे. जीफोर्ट्रान ६५५३६ बाइटांपेक्षा मोठे लोकल ॲरे सहसा स्टॅटिक मेमरीत ठेवतो, म्हणून किंमत योगायोगाने टिकते. -एफओपनएमपी (काम अनेक धाग्यांत, म्हणजे थ्रेडमध्ये, वाटण्याचा फ्लॅग) लावला की तेच ॲरे स्टॅकवर जातात. मग किंमत टिकत नाही, आणि ॲरे मोठा असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट येतो तो वेगळाच. निदानासाठी -एफनो-ऑटोमॅटिक लावून बघा: बिघाड गेला तर 'सेव्ह' राहिला आहे. 'यूलिमिट -एस अनलिमिटेड' आणि ओएमपी_स्टॅकसाइझ=५१२एम दिल्यावर गेला तर स्टॅक अपुरा होता. धाग्यांचा स्टॅक यूलिमिटने वाढत नाही, दोन्ही लागतात.

तिसरी, एकच व्हेरिएबल दोन आर्ग्युमेंट म्हणून देणे आणि सबरुटीनमध्ये त्यातले एक बदलणे. फोर्ट्रानमध्ये हे निषिद्ध आहे, आणि ऑप्टिमायझर त्याच नियमावर विसंबून वेग मिळवतो. -ओ०ला (ऑप्टिमायझेशन बंद) बरोबर आणि -ओ२ला (चालू) चूक असे दिसले की आधी हे तपासा.

चौथी म्हणजे कॉमन ब्लॉकच्या शेवटी लहान ॲरे जाहीर करून प्रत्यक्षात त्याच्या पुढे वाचत जाणे. २०१३च्या जीसीसी ४.८ने लूपच्या फेऱ्या ॲरेच्या जाहीर लांबीवरून ठरवायला सुरुवात केली, आणि स्पेक सीपीयू २००६ या नावाजलेल्या बेंचमार्कमधला ४१६.गेमेस बिघडला. तेव्हाच्या रिलीज नोट्समध्येच हे नमूद आहे. दोष बेंचमार्कच्या कोडचा होता. -एफनो-ॲग्रेसिव्ह-लूप-ऑप्टिमायझेशन्स आणि नंतर आलेला -एफअनकन्स्ट्रेंड-कॉमन्स हे फ्लॅग अशा कोडसाठीच आहेत.

छुप्या लांबीचा किस्सा याहून बोलका आहे. लॅपॅक या रेखीय बीजगणिताच्या लायब्ररीतल्या सबरुटीनना 'यू', 'एन' अशी एकेका अक्षराची आर्ग्युमेंट लागतात. सीमधून बोलावताना त्यांची छुपी लांबी शेवटी द्यायला हवी, पण दशकानुदशके कुणी देत नव्हते, कारण लांबी १ असल्याने आतले कुणी ती बघतच नव्हते. २०१९मध्ये नव्या जीफोर्ट्रानने अशा सबरुटीनच्या शेवटच्या कॉलचे थेट उडीत रूपांतर केले आणि त्यासाठी आर्ग्युमेंटची स्टॅकवरची जागा पुन्हा वापरली. बोलावणाऱ्याने ती जागा राखलेलीच नव्हती. परिणामी आर ही सांख्यिकीची प्रणाली लॅपॅकच्या आत कोसळू लागली. -एफनो-ऑप्टिमाइझ-सिबलिंग-कॉल्स लावला की सगळे पुन्हा सुरळीत. वापर एवढा पसरलेला होता, की जीसीसीने -एफटेल-कॉल-वर्कअराउंड हा खास फ्लॅग दिला. तुमच्या सी कोडमधून ब्लास-लॅपॅकला कॉल जात असतील तर प्रत्येक कॅरेक्टर आर्ग्युमेंटमागे साइझ_टी प्रकारची लांबी शेवटी जोडा.

चालते, पण आकडे वेगळे येतात

इथे घाई नडते. १६व्या अंकात फरक असणे स्वाभाविक आहे. प्रश्न असतो तो फरक राउंडऑफचा आहे की बिघाडाचा.

आधी सोपी कारणे बाद करा. -मार्च=नेटिव्ह लावल्यावर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होतात आणि मधले राउंडिंग गळते. -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ लावून दोन्ही कम्पायलरनी तुलना करा. -ओफास्ट काढा. इंटेलच्या कम्पायलरना -एफपी-मॉडेल प्रिसाइस द्या, कारण त्यांचे डिफॉल्ट वेगाकडे झुकलेले आहे. जीसीसी १२पासून -ओ२लाच व्हेक्टरायझेशन सुरू झाले. -एफफास्ट-मॅथ नसेल तर त्यामुळे बेरजेचा क्रम बदलत नाही, म्हणून उगीच त्याच्यावर आळ घेऊ नका. कोडमध्ये यादृच्छिक संख्या असतील तर जीसीसी ७पासून रँडम_नंबरचा अल्गोरिदम बदलला आहे, आणि सीड न दिल्यास प्रत्येक रन वेगळा येतो. सीडच्या ॲरेची लांबीही बदललेली आहे. ती गृहीत न धरता रँडम_सीड(साइझ=) ने विचारा.

मग ही चाचणी करा. जुन्याच कम्पायलरने दोन रन घ्या: एक नेहमीचा, दुसरा सुरुवातीच्या तापमानात किंवा तशाच मुख्य राशीत १४व्या सार्थ अंकात किंचित बदल करून. दोघांतला फरक स्टेपगणिक कसा वाढतो त्याचा लॉगॅरिदमिक आलेख काढा. आता नव्या आणि जुन्या कम्पायलरच्या रनमधला फरक त्याच आलेखावर मांडा. दोन्ही रेषा जोडीने चढत असतील तर तो राउंडऑफ. नवी रेषा पहिल्याच स्टेपला १०^-६वर उभी असेल, किंवा मध्येच उडी घेत असेल, तर ज्या स्टेपला उडी आहे तिथे बिघाड आहे. मान्सूनसारख्या गोंधळी प्रणालीच्या मॉडेलमध्ये महिनाभरानंतरचे आकडे जुळतील ही अपेक्षाच चुकीची. पहिल्या काही स्टेपच बोलक्या असतात.

इंटेलचा कम्पायलर अपग्रेड करणाऱ्यांसाठी दोन खास गोष्टी. इंटेलच्या जुन्या आयफोर्ट कम्पायलरमध्ये आवृत्ती १७पासून 'ए = बी' लिहिल्यावर ॲलोकेटेबल ए आपोआप बीच्या आकाराचा होतो. जुन्या कोडमध्ये ए मुद्दाम मोठा ठेवला असेल तर तो आक्रसतो आणि पुढचे वाचन हद्दीबाहेर जाते. ए(:) = बी लिहिले की हे होत नाही, पण आकार तुम्हीच जुळवायला हवेत. आणि २०२५.०पासून आयफोर्ट मिळतच नाही, एलएलव्हीएमवर बांधलेला आयएफएक्सच उरला आहे. त्यावर -चेक ऑल लावल्यास तो मेमरी सॅनिटायझर जोडतो, जो बाहेरच्या लायब्ररींतून आलेल्या चांगल्या मेमरीवरही 'किंमत दिलेली नाही' म्हणून ओरडतो. -चेक ऑल,नोअनइनिट वापरा.

चुकीची फाइल नेमकी शोधणे

झडती घेऊनही कोड स्वच्छ निघाला तर आता अर्धी-अर्धी विभागणी करा. दोन्ही कम्पायलरचे बिल्ड वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण झालेले हवेत, फ्लॅग तेच, -एफएलटीओ (लिंक करताना होणारे ऑप्टिमायझेशन) बंद. अर्ध्या .ओ फाइली जुन्या फोल्डरमधून आणि अर्ध्या नव्यातून घेऊन नव्या कम्पायलरने लिंक करा, म्हणजे नवी रनटाइम लायब्ररी जोडली जाईल. बिघाड दिसला तर तो नव्या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्यात. ४०० फाइली असल्या तरी ९ फेऱ्यांत एक फाइल हाती येते. हे जीसीसी ८च्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये आपापसांत जमते. जीफोर्ट्रान आणि इंटेलच्या .ओ फाइली मिसळून मात्र चालणार नाही.

फाइल मिळाली की तेवढ्या एकाच फाइलचे फ्लॅग बदलत जा: -ओ१, मग -ओ२ -एफनो-ट्री-व्हेक्टराइझ, -एफनो-इनलाइन, -एफनो-फ्रंटएंड-ऑप्टिमाइझ. शेवटचा फ्लॅग खास फोर्ट्रानचा आहे आणि लोक तो विसरतात. फ्लँग (एलएलव्हीएमवर बांधलेला फोर्ट्रान कम्पायलर) वापरत असाल तर एलएलव्हीएमचा ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट कोणत्या टप्प्यावर कोड बिघडला त्याचा क्रमांकच देतो. मध्ये प्रिंट घालून बघायचा मोह होईल, पण प्रिंटमुळे ऑप्टिमायझेशन बदलते आणि बिघाड लपतो. किंमती एका मॉड्यूलमधल्या ॲरेत साठवून शेवटी छापणे जरा सुरक्षित, तरी पूर्ण निर्धोक तेही नाही.

बग कळवणे

आता त्या फाइलमधून एकच लहान प्रोग्रॅम बनवा: बाहेरची लायब्ररी नको, इनपुट फाइल नको, चुकीचे उत्तर आले तर 'एरर स्टॉप १'. छाटणीसाठी सी-व्हाइज हे साधन --नॉट-सी पर्यायाने फोर्ट्रानवरही चालते. त्याला द्यायच्या स्क्रिप्टमध्ये तीन अटी घाला: जुन्या कम्पायलरने बरोबर उत्तर, नव्याने चूक, आणि -एफचेक=ऑल तसेच सॅनिटायझर लावून दोन्हीकडे एकही तक्रार नाही. तिसरी अट गाळली तर साधन तुमचा प्रोग्रॅम छाटत-छाटत नियमबाह्य करून ठेवते आणि तुम्ही भलताच बग कळवता. प्रत्येक रनला 'टाइमआउट १०' लावा, नाहीतर अनंत लूपमध्ये रात्र जाईल.

छाटलेला नमुना कम्पायलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर जीफोर्ट्रानच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, आयएफएक्स आणि फ्लँग यांवर चालवून शेवटची चांगली आणि पहिली बिघडलेली आवृत्ती ठरवा. मालकीचा किंवा संस्थेचा कोड असेल तर छाटून अनोळखी झाल्याशिवाय तिथे चिकटवू नका. त्याच मालिकेतली ताजी उपआवृत्तीही बघा, कदाचित दुरुस्ती आलेली असेल. मग बगझिलामध्ये (जीसीसीच्या बगनोंदीत) शोध घ्या आणि नसेल तर नोंदवा: जीफोर्ट्रान -व्ही याचे पूर्ण आउटपुट, नेमकी कमांड, अपेक्षित आणि आलेले उत्तर, दोन्ही आवृत्त्यांचे आकडे. फोर्ट्रानमधल्या रिग्रेशनमुळे (आधी चालणारे नव्या आवृत्तीत बिघडण्यामुळे) जीसीसीचे प्रकाशन थांबत नाही आणि तिथे काम करणारे बरेचसे स्वयंसेवक आहेत. वीस ओळींचा नेमका नमुना दिला तर दुरुस्ती कधी कधी काही दिवसांत होते. दोन हजार ओळी दिल्या तर कुणी उघडतही नाही.

दुरुस्ती येईपर्यंत फक्त त्या एका फाइलचे ऑप्टिमायझेशन उतरवा. सीमेकमध्ये सेट_सोर्स_फाइल्स_प्रॉपर्टीज वापरा, साध्या मेकफाइलमध्ये त्या .ओसाठी वेगळा नियम लिहा. शेजारी कॉमेंटमध्ये बगचा क्रमांक आणि आवृत्ती नोंदवा. छाटलेला नमुना टेस्ट म्हणून प्रकल्पात ठेवा, आणि प्रत्येक नव्या कम्पायलरवर तो मूळ -ओ२ने चालवा. ज्या दिवशी तो पास होईल, त्या दिवशी तो नियम मेकफाइलमधून काढून टाका.